वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर आवडीचं रोजचं जेवण: काय, कधी, किती?

निवांत
आधी पातळ, मग वाटलेलं, मग मऊ आणि सहा ते आठ आठवड्यांनी "सर्वसाधारण आहार". बेरिअॅट्रिक ऑपरेशननंतर हातात पडणारं आहारपत्रक बहुतेक वेळा इथेच संपतं. पण सर्वसाधारण म्हणजे काय? भात, ब्रेड, चिकन, अंडी, दूध, कॉफी, आइस्क्रीम हे सगळं कोणत्या क्रमाने परत आणायचं? किती घ्यायचं? आणि एखादा पदार्थ अडला, तर तो आयुष्यभरासाठी बाद समजायचा का?

स्लीव्ह आणि बायपास या वजन कमी करण्याच्या दोन्ही ऑपरेशनांबद्दल लिहा. "डॉक्टरांना विचारा" हे गृहीत धरलेलं आहे, त्यासाठी वेगळा प्रतिसाद नको.

तिरकस
डॉक्टरांना विचारा.

(राहवलं नाही.)

बारीकसारीक
दोन ऑपरेशनांत अडचणी वेगळ्या येतात, त्यामुळे आधी रचना.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी, साधारण १०० ते १५० मिली मावेल एवढी. जठराच्या तळाशी असलेली झडप, म्हणजे पायलोरस, जागेवर राहते. त्यामुळे नळीत दाब जास्त असतो. एक घास जास्त झाला की छातीत दाटतं, आंबट वर येतं.

बायपासमध्ये वरच्या बाजूला सुमारे ३० मिलीचं पाउच करून ते थेट लहान आतड्याला जोडतात. पायलोरस वाटेतून बाद. जोडाचं तोंड सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं असतं. म्हणजे नीट न चावलेला तुकडा तिथे अडू शकतो आणि गोड पातळ पदार्थ मात्र धाडकन आतड्यात उतरतो. त्यातून डम्पिंग, त्यावर नंतर लिहितो.

जठर घुसळून, दळून अन्न बारीक करतं. ते काम बायपासच्या पाउचमध्ये जवळपास होतच नाही, स्लीव्हमध्ये काही अंशी होतं. जे बारीक व्हायचं ते तोंडातच. "नीट चावा" हा सल्ला शिष्टाचाराचा नाही, यंत्रणेचा आहे.

वाफाळ
वरच्या प्रतिसादाला +१. आता स्वयंपाकघराच्या बाजूने.

लोक "चिकन चालत नाही" म्हणतात तेव्हा नव्वद वेळा ते फ्रिजमधलं, पुन्हा गरम केलेलं, छातीच्या भागाचं चिकन असतं. छातीच्या मांसात चरबी कमी. शिजताना धागे आवळतात आणि पाणी बाहेर पडतं. दुसऱ्यांदा गरम केलं की उरलेलंही जातं. असे कोरडे लांब धागे चावले तरी सुटे होत नाहीत, त्यांचा बोळा होतो.

उपाय:
मांडीचा भाग घ्या. मंद आचेवर रश्श्यात शिजवलं की त्यातलं कोलॅजन विरघळतं आणि तुकडा ओला राहतो. कापताना धाग्याच्या आडवं कापा. सुरुवातीला खिमाच बरा. पुन्हा गरम करायचं तर दोन चमचे पाणी किंवा रस घालून, झाकण ठेवून. आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोचलं पाहिजे, त्यापुढे उगाच तापवत ठेवू नका.

परत आणण्याचा क्रम विचाराल तर: पापुद्रे सुटणारा मऊ मासा, मग अंडं, मग चिकनचा खिमा, मग तुकडे, आणि लाल मांस सर्वात शेवटी. घाई नको, लाल मांस तीन महिन्यांनंतरही पुष्कळांना जड जातं.

अंड्याचं: मंद आच आणि थोडं ओलसर असतानाच गॅस बंद. भांड्याच्या उष्णतेने ते पुढे शिजतंच. खूप परतलं की रबर होतं. उकडलेल्याचा बलक कोरडा पडतो, तो दह्यात कुस्करून घ्या.

चमचाभर
किती आणि कसं, हे मी घेतो.

घास अंगठ्याच्या नखाएवढा. लहान मुलांचा चमचा वापरा, मोठ्या चमच्याने हात ऐकत नाही. २० ते ३० वेळा चावायचं, घास तोंडात असताना चमचा खाली. जेवणाला २० ते ३० मिनिटं. अर्ध्या तासापेक्षा जास्त लागत असेल तर थांबा, कारण पुढे ते जेवण न राहता चरणं होतं.

दोन महिन्यांच्या सुमारास एका वेळी अर्धा कप अन्न पुरतं. वर्षभराने कप-दीड कप. ताटात आधी प्रथिनं, मग भाज्या, उरलेल्या जागेत भात-ब्रेड.

पोट भरल्याची खूण पूर्वीसारखी नसते. उचकी, एखादी शिंक, नाक वाहणं, खोल उसासा, छातीच्या हाडामागे दाब. यातलं एक दिसलं की तोच शेवटचा घास. "ताटात दोनच चमचे राहिलेत" या विचाराने जो घास जातो, तोच परत येतो.

तिरकस
आइस्क्रीम तीस वेळा चावायचं तंत्रही सांगा.

चमचाभर
@तिरकस, हसण्यावारी नेलंत, पण मुद्दा तिथेच आहे. खाली लिहितो.

कडूगोड
भात आणि पांढरा ब्रेड या दोन्हींवर फुली मारा. भात पोटात फुगतो. संपला विषय.

वाफाळ
@कडूगोड, नाही पटलं. शिजलेला भात पातेल्यातच फुगलेला असतो, पोटात जाऊन तो आणखी किती फुगणार? त्रास होतो तो चिकटपणामुळे. आणि भात मऊ असल्यामुळे कुणी तो चावतच नाही, सरळ गिळतात. अख्खी शितं एकमेकांना चिकटून गोळा होतो.

पहिले दोन-तीन महिने भात टाळावा हे मान्य. नंतर जेवणाच्या शेवटी एक-दोन मोठे चमचे, दाट डाळीत किंवा दह्यात कालवून. फ्रिजमधला भात कडक होतो, त्यावर पाण्याचा हबका मारून वाफ आणल्याशिवाय घेऊ नका.

ब्रेडची गोष्ट वेगळी. ताजा, लुसलुशीत ब्रेड लाळेत भिजला की पुन्हा कणकेसारखा लगदा होतो, तोही चिवट. तोच ब्रेड खरपूस भाजला तर त्याचा चुरा होतो आणि उतरतो. म्हणून एका घरात "ब्रेड अडतो" आणि दुसऱ्या घरात "टोस्ट चालतो", दोन्ही खरं.

नूडल्स आणि लांब पास्ता: शिजवण्याआधी तोडा किंवा ताटात बारीक कापा. लांब दोरा न चावता आत जातो, हाच त्यातला दोष. मैदा वगैरे पुढची गोष्ट.

कडूगोड
टोस्टचं मान्य. भाताबद्दल मत तेच, फक्त कारण बदललं. तीन चमचे भाताने जागा अडवली तर प्रथिनं कुठे ठेवणार?

वाफाळ
या कारणाला विरोध नाही.

निवांत
एक शंका. जेवताना पाणी नको, जेवल्यावर अर्धा तास नको, असं सांगतात. आणि इथे रस्सा घ्या म्हणताय. मग?

बारीकसारीक
तुकड्याला लपेटून बसेल एवढा दाट रस चालतो. सूपच्या वाटीत चिकनचे चार तुकडे, हे नको. पातळासोबत घन पदार्थही लवकर खाली सरकतो, पोट भरल्याची भावना टिकत नाही आणि बायपासमध्ये डम्पिंगला निमंत्रण मिळतं. स्लीव्हमध्ये जागाच नसल्याने उलटीची शक्यता. जेवणासोबतच्या पाण्याने वजनावर किती फरक पडतो, याचा पुरावा भक्कम नाही. नियम मुख्यतः त्रास टाळण्यासाठी आहे.

पाण्याचं प्रमाण मात्र दिवसाला दीड ते दोन लिटर हवंच, दोन जेवणांच्या मधल्या वेळात घोट-घोट. ऑपरेशननंतर परत दाखल व्हावं लागण्याच्या कारणांत शरीरातलं पाणी कमी होणं हे नेहमीचं कारण आहे.

आता डम्पिंग. दोन प्रकार.

लवकरचं: खाल्ल्यावर १० ते ३० मिनिटांत. साखरेचं दाट द्रावण आतड्यात पडलं की शरीर तिथे पाणी ओढतं. पोटात मुरडा, धडधड, घाम, जुलाब. आडवं पडावंसं वाटतं, आणि पडल्याने बरंही वाटतं.

उशिराचं: एक ते तीन तासांनी. साखर झपाट्याने रक्तात जाते, इन्सुलिन प्रमाणाबाहेर सुटतं आणि रक्तातली साखर घसरते. हात थरथरणं, घाम, गोंधळल्यासारखं होणं. मोजल्यावर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन छोटे चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि सावरल्यावर प्रथिनं असलेलं काहीतरी खा. नुसत्या साखरेवर थांबलात तर तेच चक्र पुन्हा फिरतं. वारंवार होत असेल तर खाण्याची नोंद घेऊन तज्ज्ञांकडे जा.

कडूगोड
डम्पिंग होणाऱ्यांचं नशीब म्हणायचं. फुकटचा पहारेकरी!

रात्रपाळी
पहारेकरी भरवशाचा नाही. बायपास झालेल्या सगळ्यांना डम्पिंग होत नाही, स्लीव्हमध्ये तर कमीच, आणि होणाऱ्यांपैकी अनेकांत काळाबरोबर सौम्य होतं. उशिराचं डम्पिंग गाडी चालवताना झालं तर काय, याचाही विचार करा.

"शुगर फ्री" पाकिटांवर विसंबू नका. सॉर्बिटॉल, माल्टिटॉलसारख्या घटकांनी गॅस आणि जुलाब होतात, आणि लोक त्यालाच डम्पिंग समजतात.

अडल्यावर काय करायचं, तेही लिहून ठेवते.

खाणं थांबवा. वरून पाणी ओतून ढकलायचा प्रयत्न नको, अडलेल्या घासावर पाणी साचतं आणि दुखणं वाढतं. सोड्याने तर अजिबात नाही. उभं राहा, हळू चाला. तोंडाला फेसाळ लाळ सुटेल, ती थुंका, गिळू नका. बहुतेक वेळा घास उतरतो किंवा परत येतो. त्यानंतर काही तास पातळच, दुसऱ्या दिवशी मऊ.

दवाखाना कधी: पाण्याचा घोटही दिवसभर टिकत नसेल तर. उलट्या लांबल्या तर थायमिन, म्हणजे बी-१, फार लवकर संपतं आणि त्याचा परिणाम मेंदूवर होतो. नजर दुहेरी होणं, तोल जाणं, गोंधळ ही त्याची लक्षणं. अशा वेळी ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन द्यायचं असतं, म्हणून दाखल होताना आपलं बेरिअॅट्रिक ऑपरेशन झालं आहे हे पहिल्या वाक्यात सांगा.

दुसरं: चार ते दहा आठवड्यांच्या दरम्यान आधी घन, मग मऊ, मग पातळही अडू लागलं, तर ती चावण्यातली चूक नसते. जोड आकसलेला असू शकतो. दुर्बिणीतून फुग्याने तो रुंद करता येतो.

आणि सुरुवातीच्या दिवसांत ताप, पोटात तीव्र दुखणं, नाडी १२०च्या वर, यातलं काहीही असेल तर धागे वाचत बसू नका.

पाणकोंबडी
अवांतर: कॉफी?

कडूगोड
काळी, बिनसाखरेची. बाकी सगळी मिठाई.

बारीकसारीक
पहिला महिनाभर बरेच जण बंद ठेवायला सांगतात, आम्लामुळे. नंतर दिवसाला कप-दोन कप बहुतेकांना सोसते. स्लीव्हनंतर छातीत जळजळ असेल तर हात आखडता घ्या. लोहाच्या गोळीपासून चहा-कॉफी दोन तास लांब, कारण लोह शोषलं जात नाही. लोह आणि कॅल्शियम यांच्यातही दोन तासांचं अंतर. कॅल्शियम सायट्रेट घ्या, त्याला जठरातल्या आम्लाची गरज पडत नाही. दिवसाचे १२०० ते १५०० मिलिग्रॅम एकदम नाही, ५००-६००च्या भागांत.

पाणकोंबडी
दूध घेतलं की पोट वाजतं, ते ऑपरेशनमुळे का?

बारीकसारीक
असू शकतं. आधी लपून राहिलेला लॅक्टोजचा त्रास ऑपरेशननंतर उघडा पडतो, बायपासमध्ये जास्त. दही बहुतेकांना चालतं. लॅक्टोज काढलेलं दूध मिळतं. प्रथिनांची पावडर घ्यायची तर व्हे आयसोलेट (दुधाच्या निवळीतून वेगळी काढलेली प्रथिनं), त्यात लॅक्टोज नगण्य.

चमचाभर
आता आइस्क्रीमचं देणं फेडतो.

या धाग्यात सगळी चर्चा "काय अडतं" यावर चालली आहे. पहिल्या सहा महिन्यांत ते बरोबर आहे. त्यानंतर बघायचं ते उलट: काय अडत नाही. वेफर्स, बिस्किटं, चॉकलेट, आइस्क्रीम हे तोंडात विरघळतात, नळीत किंवा पाउचमध्ये थांबत नाहीत. यांना स्लायडर म्हणतात. १०० ग्रॅम चिकनने तासन्‌तास भूक लागत नाही आणि १०० ग्रॅम वेफर्स, म्हणजे पाचशेच्या वर कॅलरी, गप्पा मारता मारता संपतात. ऑपरेशनने जागा कमी केली, पण विरघळणाऱ्या पदार्थाला जागा लागतेच कुठे?

सर्वात वाईट साखळी अशी: कोरडं चिकन अडलं, उलटी झाली, धसका बसला, "बिस्किट तरी जातं" म्हणून बिस्किट. आठवड्याभरात रोजची प्रथिनं गरजेच्या ६० ग्रॅमच्या खाली, थकवा, आणि मग केस जास्तच गळू लागतात. (तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळणं बहुतांशी ऑपरेशनच्या आणि वेगाने घटलेल्या वजनाच्या धक्क्याने होतं आणि थांबतं. प्रथिनं, लोह कमी पडलं की ते लांबतं.) म्हणून चिकन अडलं तर उत्तर बिस्किट नाही, वाफाळ यांची कृती.

स्लीव्हमध्ये भुकेचं घ्रेलिन तयार करणारा जठराचा मोठा भाग जातो, त्यामुळे पहिल्या वर्षात भूक दबलेली असते. ती हळूहळू परत येते. वजनाचा तळ साधारण एक ते दोन वर्षांत येतो आणि नंतर थोडं वाढतं. त्या टप्प्यावर घरात स्लायडर कुठे ठेवलेत यावर बरंच ठरतं.

आइस्क्रीम खायचंच तर: जेवणानंतर, प्रथिनं पोटात असताना, लहान वाटीत मोजून, बसून. डब्यातून चमच्याने नाही. बायपास असेल तर पहिल्यांदा दोन छोटे चमचे, घरी असताना.

तिरकस
थोडक्यात, जे भांडतं ते आपलं, जे मुकाट जातं ते दगाबाज. आइस्क्रीमवरचा विनोद मागे घेतो.

ओलीसुकी
मांसाहार न करणाऱ्यांनी ६० ग्रॅम गाठायचे कसे? एवढ्याशा पोटात डाळ किती मावणार?

चमचाभर
अंदाजे हिशोब: घट्ट शिजवलेली डाळ १०० ग्रॅम म्हणजे ९ ग्रॅम प्रथिनं. घट्ट टोफू १०० ग्रॅम, १२ ते १५. टांगून पाणी काढलेलं दही १५० ग्रॅम, १३-१४. दूध २०० मिली, ६ ते ७. झाले ४० ते ४५. पावडरचा एक माप २० ते २५ ग्रॅम. जुळलं. पाच भागांत वाटा, एकाच वेळी टोफू आणि डाळ दोन्ही मावणार नाहीत.

डाळ पातळ केली की तेवढ्याच वाटीत प्रथिनं निम्मी होतात, हे विसरलं जातं. सोयाचे चंक्स आधी पूर्ण भिजवून, पिळून, बारीक करून. ते खरंच फुगतात, @कडूगोड यांचा फुगण्याचा मुद्दा इथे लागू.

कडूगोड
आभारी आहे. कुठेतरी लागू झाला.

निवांत
भरपूर मिळालं. पण मूळ प्रश्नाचा एक भाग राहिला: एकदा अडलं म्हणजे कायमचं बाद का? आणि पिझ्झा, तळलेलं, तिखट, सोडा यांचं काय?

वाफाळ
बाद नाही. पद्धत अशी ठेवा: एका वेळी एकच नवा पदार्थ, घरी, दिवसा, फार भूक लागलेली नसताना, दोन मोठे चमचे. अडला तर पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला, ओलावा किंवा तुकड्याचा आकार किंवा शिजवण्याची पद्धत. मध्ये दोन ते चार आठवडे जाऊ द्या. तीनदा बदल करूनही अडला तर सहा महिने विसरा.

पिझ्झा: पातळ, कुरकुरीत तळ. आधी वरचं टॉपिंग, मग तळाचे दोन-तीन घास, जाड कड सोडा. चीज तार येतं तेव्हा सुरीने तोडा, ओढलेल्या तारेचा पुन्हा गोळा होतो. कोमट झाल्यावर खाल्लेलं सोयीचं, फार गार झाल्यावर चिवट.

तंतू विसरू नका: संत्र्याच्या फोडीवरची त्वचा, मक्याचे दाणे, शेंगांच्या शिरा, सुकामेवा. नीट न चावलेल्या तंतूंचा घट्ट गोळा होऊन वाट अडल्याची उदाहरणं आहेत. साल काढा, शिरा काढा, शिजवा.

रात्रपाळी
तळलेलं: स्लीव्हमध्ये जळजळ वाढवतं, बायपासमध्ये मळमळ, जुलाब. शिवाय वजन वेगाने घटताना पित्ताशयात खडे होतात. तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली, पाठीकडे जाणारी कळ आली तर "पचलं नाही" म्हणून सोडू नका, सोनोग्राफी करा.

तिखट: पहिले दोन महिने सौम्य, मग सोसेल तसं. बायपासच्या जोडावर होणाऱ्या अल्सरसाठी तिखटाला बदनाम करतात. त्यात सिगारेट आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या यांचा वाटा फार मोठा आहे.

सोडा: गॅस कोंडून दुखतं. पाउच ताणलं जातं हे ठामपणे सिद्ध नाही, पण पहिले काही महिने टाळण्याला दुखणं हे कारण पुरेसं आहे.

दारू कुणी विचारली नाही, तरी: बायपासनंतर ती झपाट्याने रक्तात चढते, पातळी पूर्वीपेक्षा वर जाते आणि उतरायला वेळ लागतो. पहिले सहा महिने ते वर्ष अजिबात नको. दुसऱ्या वर्षापासून व्यसनाचा धोका वाढलेला दिसतो, विशेषतः बायपासमध्ये.

पाणकोंबडी
वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न मात्र सगळ्यांनी टाळलं!

वाफाळ
टरफल चावून मऊ होत नाही, म्हणून अडतं.

चमचाभर
बाकीचा भाग तोंडातच विरतो, म्हणून स्लायडर.

तिरकस
दोन्ही गुन्हे एकाच आरोपीवर. शिक्षा?

चमचाभर
सहा महिने तडीपार. नंतर एक लहान वाटी, लोणी-साखरेविना, एकेक दाणा.